बाच्या काठीला तीन सुती बोल्ट

मिस्त्रींची नक्कल करायची तर आधी शर्टाच्या खिशात व्हर्नियर पाहिजे. नुसता आवाज काढून भागत नाही. आवाज सोपा आहे. नाकात सुरू होतो आणि घशात येऊन टेकतो. पण बोलता बोलता उजवा हात खिशाकडं गेला पाहिजे, व्हर्नियर बाहेर आला पाहिजे, आणि समोर जे काय असेल ते, चहाचा ग्लास म्हणा, भाकरी म्हणा, नवरदेवाच्या हातातला नारळ म्हणा, त्याच्या जबड्यात धरून एक डोळा मिटून विचारलं पाहिजे, "बसतंय का?"

व्हर्नियर म्हणजे सरकत्या जबड्याची स्टीलची पट्टी. केसाची जाडीसुद्धा मोजते. मिस्त्रींनी माझ्या केसाची मोजलीही होती. "तुझा केस बारीक हाय," म्हणाले, "पंचविशीतच टक्कल पडंल." आता मी सत्तावीसचा आहे, आणि या विषयावर जास्त बोलायचं नाही.

माधवनगरला त्यांचा फोटो स्टुडिओ. त्याआधी ते तिथल्याच एका कापड गिरणीत फिटर. गिरणी बंद पडली तेव्हा बरोबरच्यांनी कुणी रिक्षा घेतली, कुणी वडापावची गाडी टाकली. मिस्त्रींनी कॅमेरा घेतला. का, असं विचारलं तर म्हणायचे, "आरं, माग काय आन कॅमेरा काय, दोनीत खटकाच पडतो." पाटीवर त्यांचं पूर्ण नाव होतं, पण ते वाचायची कुणाला गरज पडली नाही. गावभर ते मिस्त्रीच.

मी त्यांच्याकडं चार वर्षं होतो. लग्नात दुसरा कॅमेरा माझा, आणि परत आल्यावर अल्बमची जोडणी माझी. मला ते नकल्या म्हणायचे. पहिल्याच दिवशी मी त्यांच्यासमोर त्यांच्या एका गिऱ्हाइकाची नक्कल केली होती. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडता उघडता म्हणाले, "त्यो कालचा आवाज परत काड. तिसऱ्या शब्दाला ढिला बसला हुता." मी परत काढला. त्यांनी मान हलवली. "आता बसला." माझ्या आयुष्यातली ती पहिली पावती.

माणसांबद्दलही ते असंच बोलायचे. अमका माणूस ढिला बसतो, तमक्याचे आटे गेलेत, फलाण्याला वंगण पाहिजे. एका लग्नात नवरी नवरदेवापेक्षा बरीच उंच. सगळे कुजबुजत होते. मिस्त्रींनी दोघांकडं दुरून एक डोळा मिटून बघितलं आणि नवरीच्या बापाला म्हणाले, "पाव्हणं, काळजी करू नगा. नवऱ्याच्या पाटाखाली एक फळी टाकतो. फोटूत बसंल, संसारात तुमचं तुमी बघा." तो बाप हसला म्हणून बरं.

आता दुसऱ्या पाटाचं, कॅमेऱ्याच्या, सांगायला पाहिजे, कारण मिस्त्रींचं अर्धं डोकं त्या पाटांत होतं. कॅमेरा स्टँडवर बसवायचा तर त्याच्या बुडाला एक चपटी धातूची पट्टी लावतात. स्टँडच्या डोक्यावर ती पट्टी पकडणारा जबडा असतो. पट्टी जबड्यात सरकवली, आवळली, की कॅमेरा पक्का. सोडली की मोकळा. दुकानदार या सगळ्याला इंग्रजीत लांबलचक नावं सांगतात. मिस्त्रींच्या भाषेत पट्टी म्हणजे पाट, आणि पाट धरणारं जे काय असेल ते मुंडकं.

वैताग असा की प्रत्येक कंपनीचा पाट वेगळा. दिसायला सगळे सारखे, पण हा त्या जबड्यात बसत नाही, तो ह्यात बसतो पण हलतो. म्हणून मिस्त्रींनी भिंतीवर एक फळी ठोकली होती. तिच्यावर खिळे, खिळ्यांना एकतीस पाट, आणि प्रत्येकाखाली कागदाची चिठ्ठी: वर माप, खाली स्वभाव. "गुणी." "घसरतो." "उन्हात फुगतो." "गोटीच्या मुंडक्याशी पटतं, बाकी कुणाशी नाही." लग्नाची सुपारी आली की मिस्त्री त्या फळीसमोर उभे राहून कुठल्या कॅमेऱ्याला कुठला पाट ते ठरवायचे. याला ते पत्रिका बघणं म्हणायचे, आणि खऱ्या नवरानवरीच्या पत्रिकेला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ घ्यायचे. शेवटच्या खिळ्याला एक बिनकामाचा पाट होता, कुठल्याच जबड्यात न बसणारा. त्याखाली चिठ्ठी नव्हती. माझा पासपोर्ट फोटो चिकटवला होता.

मिस्त्रींनी हजारो फोटो काढले, पण स्वतःसाठी त्यांना एकच पाहिजे होता.

त्यांचं मूळ गाव जतच्या पूर्वेला, पार कर्नाटकाच्या हद्दीजवळ. घर धनगराचं, पिढ्यानपिढ्या मेंढरं राखणारं. मिस्त्री गिरणीत आले, त्यांचे थोरले भाऊ मात्र मेंढरांमागंच राहिले. त्यांच्या गावी दिवाळीच्या पाडव्याला बकरी बुजवायचा कार्यक्रम असतो. तिकडं मेंढरालाही बकरीच म्हणतात. सकाळी मेंढरांना रंग लावायचा, शिंगांना गोंडे बांधायचे, लेंड्यांची रास घालून तिची पूजा करायची, आणि मग सगळा कळप दामटून पळवायचा. त्यांच्या घरची रीत अशी की पळत्या कळपासमोर थोरल्यानं काठी आडवी धरायची. पुढचं मेंढरू काठीवरून उडी मारतं. त्याच्यामागं दुसरं, तिसरं. चार-पाच उडाली की काठी काढून घ्यायची. आणि गंमत पुढंच आहे. काठी नसतानाही मागची सगळी मेंढरं बरोबर त्याच जागी येऊन उडी मारतात. ऐंशी मेंढरं, मोकळ्या हवेवरून.

"बा म्हनायचा," मिस्त्री सांगायचे, "ह्येंच्यापेक्षा शानं जनावर न्हाई. काठी गेली तरी मान राखत्यात."

तो फोटो त्यांना पाहिजे होता. काठी नाही, आणि मेंढरू हवेत.

एवढं काय अवघड, असं मलाही वाटलं होतं. पण मिस्त्रींच्या उजव्या खांद्यात गिरणीपासूनचं दुखणं होतं आणि हाताला कंप. लग्नात चालून जायचं, तिथं माणसं हलतच नाहीत. पळत्या मेंढरावर लांबची लेन्स धरली की सगळं धुकं. "तुम्ही कशाला, मी काढतो की," असं मी एकदा म्हणालो. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी लगेच अल्बमच्या कामाला लागलो.

एका पाडव्याला त्यांनी तीन पायांचं स्टँड लावलं. कळपानं ते कॅमेऱ्यासकट आडवं केलं. "तीन पाय म्हंजे मेंढराला तीन अडथळं," मिस्त्री म्हणाले. "त्येंनी त्याच्यावरनं बी उडी मारली. त्येंची चूक न्हाई." पुढच्या वर्षी एक पाय असलेलं स्टँड नेलं, ज्याला दुकानात मोनोपॉड म्हणतात, आणि त्यावर गोटीचं मुंडकं, म्हणजे कॅमेरा चौफेर कुठंही वळतो असं. ऐन उडीच्या वेळी गोटी सैल पडली, लेन्सनं मान टाकली, आणि फोटो आला तो पूजेच्या लेंड्यांच्या राशीचा. तो इतका स्पष्ट आला होता की प्रत्येक लेंडी मोजता यावी. मी तो मोठा करून फ्रेम करू का विचारलं. दोन दिवस बोलले नाहीत.

मग त्यांनी निकाल दिला की गोटीचं मुंडकं एका पायाच्या स्टँडला चालतच नाही, आणि ते सिद्ध करायला स्टुडिओतला झाडू उलटा धरून माझ्यासमोर उभे राहिले.

"ह्यो माजा बा," म्हणाले. छातीएवढी काठी, काठीवर हनुवटी, एक पाय उचलून दुसऱ्याच्या गुडघ्याला टेकवलेला. "असा तीन-तीन तास उभा ऱ्हायचा. आता बघ. डाव्या अंगाचं मेंढरू बघायचं तर बा मान फिरवायचा का?"

"मग काय करायचे?"

"काठीच फिरवायचा. काठी जाग्यावर फिरती, बा तिच्यासंगं. मंग मुंडक्याला डावं-उजवं करायची गरज काय? त्येनं निस्तं खाली-वर करावं. बिजागरीसारकं." झाडू खाली ठेवून ते खुर्चीत टेकले. "आन ह्याला एका पायाचं स्टँड म्हनत्यात ती मानसं येडी हायत. तीन पाय हायत त्येला. एक काठीचा, दोन तुजं."

मी नंतर वाचलं तर जाणकारही हेच सांगतात, फक्त त्यांना त्यासाठी बाप लागत नाही.

तर मुंडकं बिजागरीचं हे ठरलं. जबडा कुठला, हे ठरेना. जबड्याचे दोन प्रकार. एक फिरकीचा: फिरकी आवळत जायची, पाट जरा लहान-मोठा असला तरी धरतो. दुसरा खटक्याचा: दांडी दाबली की टक्कन बंद, पण पाट त्याच्याच मापाचा पाहिजे, नाहीतर ढिला. मिस्त्रींचा कल फिरकीकडं. "भरवशाची हाय." पण मग म्हणायचे, "सव्वापाच फेरं घ्यावं लागत्यात. सव्वापाच फेऱ्यात मेंढरू जतला पोचतं." मग परत खटका. मग परत फिरकी. दर सोमवारी पुण्याच्या दुकानदाराला फोन. त्याला जबड्याची रुंदी विचारायची, तो सांगायचा अडतीस मिलिमीटर, मिस्त्री विचारायचे अडतीस म्हणजे किती, आणि तो बिचारा गप्प बसायचा. शेवटी मिस्त्री "बघू" म्हणून फोन ठेवायचे. असं दोन वर्षं.

त्यातच थोरल्यांचा निरोप आला. त्यांची दोन्ही मुलं शिरवळला कंपनीत चिकटली होती. त्यांचे स्वतःचे गुडघे बोलत होते. येती दिवाळी झाली की कळप विकायचा, शिमग्याच्या आत.

मिस्त्रींनी फोन ठेवला. व्हर्नियर काढला, टेबलाची कड मोजली, परत खिशात ठेवला. मग म्हणाले, "आता एकच पाडवा." आणि पुढच्या सोमवारी दुकानदाराला फोन करून, रुंदी विचारून, "बघू" म्हणून ठेवून दिला.

ते माझ्याच्यानं बघवलं नाही. मिस्त्री सांगलीला एका लग्नाची बोलणी करायला गेलेले, मी दुकानात एकटा. मी पुण्याला फोन लावला आणि आवाज घशात टेकवला.

"बोला मिस्त्री," दुकानदार म्हणाला. "आज काय मोजायचंय?"

"बिजागरीचं मुंडकं पाठवा. खटक्याच्या जबड्याचं. आन त्याच घरचं दोन पाट."

"खटक्याचं? तुम्ही तर फिरकीवर आला होता."

"मत बदाललं."

"मिस्त्री, तब्येत बरी आहे ना? नाही, तुम्ही चौकशी सुरू केली तेव्हा माझं लग्न ठरत होतं. आता मुलगी चालायला लागली."

"पोरीला आशीर्वाद," मी म्हणालो, आणि ठेवला.

चार दिवसांनी खोकं आलं. मिस्त्रींनी ते उघडलं. मुंडकं हातात फिरवलं. खटका दाबला, सोडला, दाबला, सोडला. मोजलं. मग फळीवरचे एकतीसच्या एकतीस पाट एकेक करून त्यात घालून बघितले. खोक्यातले दोन टिच्चून बसले. फळीवरचा एकही धड बसला नाही. कुणी घुसेना, कुणी आत जाऊन डुलायचा. मला वाटलं आता माझी नोकरी गेली.

ते एवढंच म्हणाले, "आवाज चांगला काडला असशील. पर मी 'पाठवा' कवाच म्हनत न्हाई. दुकानदारानं वळकायला पायजे हुतं."

मी मान खाली घातली. संध्याकाळी घरी गेलो तर आईनं ताटच वाढलं नाही. म्हणाली, "दुपारी तूच फोन केलास की. आज उपास आहे, मिस्त्रींच्या तब्येतीसाठी, म्हणून." मी म्हणालो मी नाही केला. तर आई म्हणते, "तुझाच आवाज होता. उलट आज जरा आदबीनं बोललास, मला बरं वाटलं."

मुंडकं त्यांनी परत पाठवलं नाही. दिवाळीनंतर पाठवतो म्हणाले. पण आता घोडं काठीपाशी अडलं. बाजारातली काठी चार तुकड्यांची, एकात एक सरकणारी. मिस्त्रींच्यातला फिटर तिथं चवताळायचा. "चार तुकडं म्हंजे तीन सांधं, तीन सांधं म्हंजे तीन खोड्या. तासाला एक सूत खाली बसती ती." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, फिटर लोकांचं माप. काठीच्या टोकावरचा बोल्ट, ज्याच्यावर मुंडकं बसतं, तो तीन सुती. "गोऱ्यानं बी शेवटी सुतातच केलंय बघ," असं ते मोठ्या समाधानानं सांगायचे.

एका दुपारी मी जेवून आलो तर ते मागच्या खोलीत ड्रिल लावून बसले होते. मांडीवर एक काठी. भरीव वेळूची, छातीएवढी, हात लागून लागून गुळासारखा रंग आलेली, खाली लोखंडी शेंबी. वरच्या टोकाला त्यांनी भोक पाडलं होतं आणि त्यात बोल्ट बसवत होते.

"कुणाची आहे?"

"बाची."

"ती तर थोरल्यांकडं असते ना?"

"तेल पाजून आनतो म्हनलं त्येला." बोल्ट आवळता आवळता त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "तेल बी पाजलंय."

"आवं मिस्त्री, पाडव्याला आडवी धरायची काठी हीच की."

त्यांचा हात थांबला. मी शपथेवर सांगतो, एवढ्या मापाच्या माणसाच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. फोटोसाठी उत्तम काठी कुठली, एवढंच त्यांनी शोधलं होतं, आणि ती सापडली होती. तिचं त्याच क्षणी दुसरीकडं काम आहे, हे त्या दोन वर्षांच्या मोजामोजीत कुठंच बसलं नव्हतं.

"बघू," म्हणाले.

पाडव्याला आम्ही भल्या सकाळी पोचलो. थोरले अंगणात मेंढरांच्या पाठीवर गुलाल लावत होते. मिस्त्रींपेक्षा उंच, वाळके, बोलायला कंजूष. मेंढरांना मात्र त्यांची एक खास हाळी होती, जिभेखालून "हुर्र्यो, हो, हो" आणि शेवटी कळपाच्या कुत्र्यासाठी "थांब" असा आखूड शब्द, की ते जागीच खिळायचं. मी चहा पितापिता ती काढून बघितली. वीस-पंचवीस मेंढरांनी माना वर केल्या. थोरल्यांनीही केली. "ह्यो कोन आनलाईस?" त्यांनी मिस्त्रींना विचारलं.

"नकल्या हाय. निरुपद्रवी हाय."

मग थोरल्यांनी काठी मागितली.

मिस्त्रींनी दिली. थोरल्यांनी तेलाचा वास घेतला, मान डोलावली, हात वरपर्यंत नेला, आणि अंगठा बोल्टवर अडला.

"ह्ये काय करून ठेवलाईस?"

"बोल्ट हाय."

"बाच्या काठीला खिळा ठोकलास?"

"खिळा न्हाई, दादा. बोल्ट. तीन सूत."

थोरले नुसते बोल्टकडं बघत राहिले. त्या बघण्यापेक्षा त्यांनी काठी घातली असती तर बरं, असं मिस्त्रींच्या तोंडावर दिसत होतं. साठीला आलेला माणूस, चिंचा चोरताना सापडल्यासारखा उभा.

"आवं थोरले, दुसरी एखादी काठी आडवी धरली तर..." मी तोंड घातलं.

"आमची बकरी दुसऱ्या काठीला इचारत न्हाईत," ते म्हणाले. "चाळीस वरसं ह्याच काठीवरनं उडाल्यात. औंदा शेवटचं. ही माज्या हातात ऱ्हानार."

विषय संपला. मिस्त्री जाऊन गोठ्याच्या दगडावर बसले. व्हर्नियरही काढला नाही. मला वाटलं, चला, दोन वर्षं, एकतीस पाट, एक नवं मुंडकं, आणि घरी जाऊन आपण पुन्हा लेंड्यांचा फोटो बघणार.

बऱ्याच वेळानं मिस्त्रींनी तिथूनच विचारलं, "दादा, किती उडाल्यावर काठी काडतोस?"

"चार."

"चारनंतर तिचं काय काम?"

थोरल्यांनी जरा विचार केला. "काय न्हाई. बगलंत धरून हुबा ऱ्हातो."

"मंग चारनंतर मला दे."

थोरल्यांनी त्यांच्याकडं बघितलं, काठीकडं बघितलं, मग माझ्याकडं, जणू मीच यात काहीतरी शिकवलंय. "चार झाल्यावर घे," म्हणाले. "आदी हात लावायचा न्हाई."

मिस्त्री उठले तेव्हा त्यांचा परत मिस्त्री झाला होता. त्यांनी बोल्टवर मुंडकं चढवलं. त्या टोकाला मी काठी धरणार, शेंबीकडचं टोक थोरल्यांच्या मुठीत. चौथं मेंढरू उडालं की थोरले मूठ सोडणार, मी काठी घेऊन पळणार. मिस्त्री सतरा पावलांवर कॅमेरा छातीशी धरून, बुडाला पाट लावून तयार. मी पोचलो की पाट जबड्यात, खटका, फोटो. सगळा कळप उडायला पाऊण मिनिट. मी तीनदा पळून दाखवलं. मिस्त्री मला म्हणाले, "फिरकी असती तर जमलं नसतं." एवढंच. माझ्या आयुष्यातली दुसरी पावती.

गावातली माणसं जमली. कुणीतरी हलगी घेतली. थोरल्यांची हाळी उठली आणि धुळीतून कळप सुटला. गुलालाची, हळदीची, शिंगांना गोंडे लावलेली मेंढरं, सगळी आमच्याच अंगावर. पुढचा एडका काठीपाशी आला, थबकल्यासारखा झाला आणि माझ्या कानाजवळून उडाला. एक. दोन. तीन जरा खाली उडालं, काठीला खूर लागला. चार.

थोरल्यांनी मूठ सोडली. मी काठी ओढली आणि पळालो.

दहा पावलं गेलो असेन. मागून गुरगुर आली. कळपाच्या कुत्र्यानं एवढंच बघितलं होतं की एक परका माणूस मालकाची काठी घेऊन पळतोय. त्यानं त्याचं काम केलं. माझ्या पँटचा पाय त्याच्या दातात आला आणि मी काठीसकट ओणवा झालो. समोर सात पावलांवर मिस्त्री, छातीशी कॅमेरा, हात थरथरताहेत, आणि पलीकडं मेंढरं उडताहेत, संपत चालली आहेत.

मी मान मागं वळवली आणि जिभेखालून थोरल्यांचा आवाज काढला. "हुर्र्यो, हो. थांब."

कुत्र्यानं तोंड उघडलं. त्याच्या डोळ्यांत इतका गोंधळ मी कुठल्याच प्रेक्षकाच्या बघितला नाही. मी मोकळा झालो, उरलेली सात पावलं गुडघ्यांवरच गेल्यासारखी गेलो, आणि काठी मिस्त्रींसमोर उभी रोवली.

टक्.

मग मिस्त्रींनी एक गोष्ट केली, जी त्यांची त्यांना कळली नसावी. त्यांनी काठीवर हनुवटी टेकल्यासारखी मान आणली आणि डावा पाय उचलून उजव्या गुडघ्याला लावला. मला झाडू धरून शिकवलेला तीन पायांचा हिशेब विसरून एक पाय कमी केला. आणि कंप थांबला. काठी जागेवर सावकाश फिरली, मुंडकं खाली-वर झालं, आणि शटर पडत राहिलं, कळपातली शेवटची लंगडी मेंढी उडेपर्यंत.

धूळ बसली. हलगी थांबली. थोरले चालत आले. मिस्त्रींनी कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यासमोर धरला. मी मधून डोकं घातलं.

चार मेंढरं हवेत, पाय पोटाशी घेतलेली, गोंडे उडालेले, खाली मोकळी जमीन. आणि त्यांच्या कडेला थोरले. मूठ अजून पुढं, वळलेली, तिच्यात काहीही नाही. मेंढरांकडं न बघता ते सरळ कॅमेऱ्याकडं बघत होते, तोंड किंचित उघडं.

थोरल्यांनी ते खूप वेळ बघितलं. "काठी कुठाय?" त्यांनी विचारलं.

"फोटूच्या खाली," मिस्त्री म्हणाले.

थोरल्यांनी मिस्त्रींच्या पायांकडं बघितलं. मग म्हणाले, "तू बासारका हुबा हुतास. मला वाटलं..." काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही. मिस्त्रींनी खटका दाबून कॅमेरा मोकळा केला, मुंडकं फिरवून काढलं आणि काठी भावाच्या हातात दिली. थोरल्यांचा अंगठा परत बोल्टपाशी गेला. आट्यांवरून फिरला, एकदा, दोनदा.

"गंजंल ह्यो," म्हणाले. "टोपन कर ह्येला. पितळंचं."

मिस्त्रींचा हात खिशाकडं गेला. व्हर्नियर बाहेर आला, जबडा उघडला, बोल्टपाशी नेला, पण हात परत थरथरायला लागला होता आणि जबडा काही बसेना. एकदा निसटला, दोनदा निसटला. मी पुढं होणार, तोवर थोरल्यांनी दोन्ही मुठींनी काठी आवळून धरली आणि शेंबी जमिनीत रुतवली.

"आता हालत न्हाई," ते म्हणाले. "घे माप."